आंदणातला कम्प्युटर

४ डिसेंबर २०११, रविवार

बाबा हो म्हणाले! एका शब्दात! मी भांडायच्या तयारीनं बसली होती. काय काय बोलायचं ते भांडी घासता घासता पाठ करून ठेवलं होतं. आणि बाबांनी वरणाचा भुरका मारला नि म्हणाले, "बरं. कम्प्युटरच घेऊ."

हे तेच बाबा, ज्यांनी मला साधा मोबाईल घेऊन द्यायला दोन वर्षं लावली! राईस मिलमध्ये दिवसभर मशिनीच दुरुस्त करतात, पण घरात नवी वस्तू म्हटली की कपाळाला आठ्या. आई खाली मान घालून भात वाढत राहिली. मी एवढी खूश झाली की दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आमच्यात पोरीच्या लग्नात आंदण देतात. मामा कपाट देणार, बाबांचे थोरले भाऊ, मोठे बाबा, दिवाण, आत्या पाण्याचा पितळी गुंड. प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचं नाव घालायचं आणि सगळं मांडवात मांडून ठेवायचं, म्हणजे कोणी काय दिलं ते गावानं पाहावं. मी सांगितलं, मला कपाट नको, दिवाण नको, गुंड तर अजिबात नको. मला गेम खेळायचं डेस्कटॉप पाहिजे, एकेक पार्ट माझ्या पसंतीचा. ज्याला जे द्यायचं त्यानं एकेक पार्ट द्यावा.

कुडव्याच्या कम्प्युटर सेंटरवर चार वर्षं शिकवून राहिली मी. दुसऱ्यांची मशीनं उघडून त्यातली धूळ काढली. क्लास सुटल्यावर तिथंच खेळते, आणि फुलचूरची पोट्टी मला हरवायला येतात नि तोंड वाकडं करून परत जातात. पण मशीन सेंटरचं. माझं स्वतःचं कधी नव्हतं.

आता होणार. आमगावला, संघदीपच्या घरी, समोरच्या खोलीत. पाहायला आला तेव्हा मी तोंडावरच सांगून टाकलं होतं, "मी गेम खेळते. लग्नानंतर सोडणार नाही." बाकीचे पाहुणे एकमेकांकडे पाहायला लागले. हा हसला. म्हणाला, "सोडाचं काऊन? समोरची खोली रिकामीच हाये. मशीन तिथं ठेवू." त्या एका वाक्यासाठी मी होकार दिला. खोटं कशाला लिहू? नोकरी, घर, नाकडोळे नंतर पाहिले.

११ डिसेंबर

साक्षगंध झालं, लग्न फेब्रुवारीत धरलं. आमगावहून दोन गाड्या भरून पाहुणे आले. बुद्धवंदना झाली, मग संघदीपनं स्वतः माईक घेतला. शाळेत क्लार्क आहे, पण बोलतो हेडमास्तरसारखा. "आम्हाला हुंडा नको. सोनं नको, मानपान नको. आम्ही विचाराची माणसं आहोत. मुलगी शिकलेली पाहिजे, बस्स!"

काय टाळ्या पडल्या! केवळराम मामा तर डोळे पुसून राहिले होते. आत्या मला कोपरानं ढोसून म्हणाली, "नशीब काढलं वं पोरी." माझीही छाती अशी फुगली की ब्लाऊजचा हूक तुटतो की काय.

बाबा तेवढे टाळी वाजवायचं विसरले. मुलीचा बाप आहे, मन भरून आलं असेल.

१७ डिसेंबर

रोज फोन असतो त्याचा. मैत्रीण अल्का म्हणते तिचा होणारा नवरा फोनवर फक्त "जेवली का" विचारतो. माझा विचारतो, "कॅबिनेटला पंखे किती?" आज तर एक तास ग्राफिक्स कार्डावर बोलला. मग म्हणाला, "मोनाली, सलग दहा-बारा तास चाललं तं मशीन तापणार तं नाही ना?"

दहा-बारा तास! मला वाटलं होतं, रात्रीची भांडी झाल्यावर तासभर मिळाला तरी खूप. हा माणूस मला दिवसभर खेळू देणार आहे. अल्काला सांगितलं तर ती म्हणाली, "लिहून घे बाप्पा त्याच्याकडून." जळते.

"बिलं माझ्या नावानं कर," म्हणाला. मशीन आमगावला राहणार, वॉरंटीला तिथलं नाव-पत्ता असला की बरं. किती पुढचा विचार करतो!

२५ डिसेंबर

आज घरी सगळ्यांना बसवून पार्ट वाटून दिले. हसू की रडू असं झालं.

मी आधी समजावून सांगितलं. म्हटलं, कम्प्युटर म्हणजे बैलजोडी. एकीकडे वळू आणि एकीकडे गोऱ्हा जुंपला तर गाडी गोल गोल फिरते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड बरोबरीचे पाहिजेत. एक जबर आणि दुसरं मरतुकडं असलं तर जबरवालं नुसतं बसून राहतं. मोठे बाबा म्हणाले, "हे बराबर हाये." मला वाटलं समजलं. लगेच विचारतात, "पण दिसते कोणतं?"

मामांनी मॉनिटर घेतला. सगळ्यात मोठा, मांडवाच्या त्या टोकावरून दिसला पाहिजे. केशोराव मोठे बाबांनी कॅबिनेट घेतलं, निळ्या लाईटवालं. आतला बोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड बाबांकडे. हार्डडिस्क तिकडे कुठं पूर आला म्हणून महाग झाली आहे, तीही बाबांकडेच. जमुनाबाई आत्या रुसून बसली. तिला काहीच उरलं नाही असं वाटलं. मी म्हटलं, "आत्या, तुझा प्रोसेसर. ते डोकं आहे मशीनचं." मग एकदम खुलली. "मंग माया मान सगळ्यात मोठा!"

उरला एसएमपीएस. वीज पुरवायचा डबा. तो हलका टाकला तर एक दिवस धूर निघतो आणि बाकी सगळ्यांना सोबत घेऊन जातो. पण तो कॅबिनेटच्या आत मागं बसतो, त्यावर नाव घालून फायदा काय? कोणीच हात वर केला नाही. मामा म्हणाले, "अवं, तो तं दुकानवाला फुकटच देत असंन." हो, फुकटवाला असतोच, आणि तसाच जळतो!

शेवटी मी म्हटलं, तो मी माझ्या पगारातून घेईन. सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं.

८ जानेवारी २०१२

पहिलं भांडण झालं. संघदीपला आठ कोरचा प्रोसेसर पाहिजे, म्हणजे एका डोक्यात आठ मजूर. नवीन निघालाय, नाव ऐकायला भारी. मी चार कोरचा ठरवला आणि वाचलेल्यात कार्ड चांगलं. खेळाचं खरं काम कार्ड करतं. त्याला म्हटलं, आठ कोरातले निम्मे झोपून राहतील आणि चित्र अडकत अडकत चालेल.

तो म्हणाला, "आठ म्हटलं की लोकांवर वजन पडते ना."

"कोणत्या लोकांवर? खेळणार मी ना?"

मग हसला, "बरं बाई, तुया मनासारखं." नवरे असेच हरत राहिले पाहिजेत. मी तर शिट्टी वाजवत भाजी चिरली.

२२ जानेवारी

डोकं फिरलं आहे माझं.

गोंदियाच्या दुकानातून खोकी आली. उघडून पाहते तर प्रोसेसर आठ कोरचा! आणि ग्राफिक्स कार्ड मी सांगितलेल्याच्या एक पायरी खालचं. मी तशीच गाडी काढली नि दुकानात गेली. दुकानवाला भैया म्हणतो, "मैडम, आपके पापा का फोन आया था. बोले, दामादजी जैसा बोलते हैं वैसा कर दो."

घरी येऊन बाबांना विचारलं. ते जेवत होते. म्हणाले, "जवायाचं मन ठेवा लागते बेटा."

"आणि माझं?"

"तुयं बी ठेवलंच ना. कम्प्युटर तं आला."

आई आत निघून गेली. मी दार आपटलं, दोनदा. नंतर वाटलं, बाबांना यातलं काय कळतं? संघदीपलाही हौस आहे, चुकलं त्याचं. कार्ड नंतर मी बदलीन. माझ्या खोलीत, माझ्या हातानं. राग गिळला. पण आठ कोर घेऊन ते कार्ड म्हणजे पंगतीला पन्नास वाढपी आणि भात एक पातेलं!

२९ जानेवारी

आज मशीन जोडणार होती, पण शेजारच्या गल्लीत कोणाचं तरी मयत झालं, सगळे तिकडे. फक्त खोकी मांडून पाहिली. मामांनी मॉनिटरच्या पाठीवर चकचकीत पट्टी चिकटवून आणली आहे: 'चि. संघदीप यांस केवळराम मामांकडून सप्रेम भेट.' मोठे बाबांनी कॅबिनेटवर पेंटरकडून लिहूनच घेतलं, तेही 'चि. संघदीप यांस'. जुनी माणसं, बाईच्या नावानं वस्तू देणं त्यांना जमत नाही. जाऊ दे.

आत्या आली, दोन्ही नावं वाचली, मग आपल्या खोक्यातला प्रोसेसर पाहिला. बिस्किटाएवढा. "बस एवढाच? यावर माया नाव कुठं हाये?" मी म्हटलं आत्या, तो आत बसतो, कोणाला दिसत नाही. ती तोंड पाडून बसली. जाताना म्हणाली, घरी सुनेला दाखवून आणते. नेला तर नेला, प्लास्टिकच्या डब्बीत तर आहे.

१ फेब्रुवारी

अरे देवा. अरे देवा. देव मानत नाही तरी लिहिते.

आत्यानं प्रोसेसरवर नाव घालून आणलं!

भांड्याच्या दुकानात नेला. तिथं तो माणूस विजेच्या लेखणीनं गुंडावर, ताटांवर टिकटिक नावं घालतो ना, त्याच्याकडून. त्यानं प्रोसेसर लाकडी पाटावर पालथा दाबून धरला आणि वरच्या चकचकीत भागावर बारीक अक्षरात 'मोनालीस जमुना आत्याकडून' असं घातलं. सुबक घातलंय, मानलं पाहिजे. पण प्रोसेसरच्या पोटाला सुयांसारख्या शेकडो पिना असतात. सगळ्या चेपल्या. काही तुटून पाटावरच राहिल्या असतील. मशीनच्या डोक्याचा भुगा.

आत्या दारात उभी, तोंडभर हसू. "पाय, कसं दिसते!"

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही. मग हसू आलं, असं आलं की खाली बसली मी. आत्याही हसायला लागली, तिला वाटलं मला आवडलं. आई धावत आली, तिनं पाहिलं नि कपाळावर हात मारला. "अवं जमुनाबाई, जवाई काय म्हणतीन आता!" मी काय म्हणेन, हे कोणीच विचारलं नाही.

आत्याला खरं सांगितलं तेव्हा ती रडली. मी म्हटलं, रडू नको, आपण साधा चार कोरचा घेऊ, माझ्या पसंतीचाच होईल. बरंच झालं एका परीनं.

२ फेब्रुवारी

संघदीपला हसत हसतच सांगितलं. वाटलं, तोही हसेल.

तो म्हणाला, "भैताड लोकं आहेत का तुम्ही?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एका अडाणी बाईच्या हातात देलाच कायले? पंधरा दिवसांनी उद्घाटन हाये. बोर्ड रंगवून झाला माया!"

मी विचारलं, कशाचं उद्घाटन. तो अडखळला. मग म्हणाला, नंतर बोलू, तू आता बाबांना फोन दे. दिला. बाबा अंगणात जाऊन बोलले. मी खिडकीतून पाहत होती. ते उभे होते, आणि मान एकसारखी हलवत होते, मिलच्या मालकासमोर हलवतात तशी.

कशाचं उद्घाटन? मी दिवसभर स्वतःला समजावून राहिली. शाळेत काही असेल. असं नसेल, तसं असेल. किती मूर्ख असावं माणसानं!

५ फेब्रुवारी

गाडीत बसून आमगावला गेली. घरी सांगितलं अल्काकडे जाते.

समोरच्या खोलीला शटर लावलं आहे. वर बोर्ड: 'गेम झोन'. खाली लाल अक्षरात 'आठ कोर पॉवर'. आत भिंतीला लागून लांब टेबल, तीन जुनी मशीनं, आणि मधोमध जागा रिकामी. माझ्या मशीनची जागा. दोन पोट्टी खुर्च्यांवर पाय वर करून बसली होती. संघदीप मला पाहून उठला. चेहऱ्यावर लाजही नव्हती, नुसती घाई.

"तू काऊन आली? लोकं पायतीन."

मी विचारलं, "ही माझी खोली ना?"

"आपलीच हाये. मी कुठं नाही म्हणतो?"

"मी इथं बसून खेळणार ना?"

तो आवाज खाली करून बोलला, लहान पोराला समजावतात तसा. "मोनाली, इथं दिवसभर पोरं येतीन. घरची सून त्यांच्यात कशी बसंन? मशीन बिघडलं तं तू नीट करशीन, तुले येते. मी सगळ्यांना सांगतलं, माई बायको एक्स्पर्ट हाये म्हणून."

म्हणजे दहा-बारा तास ते होते. पोट्ट्यांचे. आणि मी फुकटची मेकॅनिक.

मी म्हटलं, "तू माईकवर बोलला, काही नको म्हणून."

"हुंडा नकोच म्हटलं. हुंडा घेतला का मी?" त्याला खरंच वाटत होतं की तो बरोबर आहे! "एक कम्प्युटर सांगतला फक्त. तोही पाहायला आलो त्याच दिवशी, समोरासमोर. तुया बाबांनी शब्द देला. विचार त्यांना."

मी त्याला शेवटचं एकच विचारलं. मशीन नाही आलं तर लग्न करशील का?

"असं कायले विचारते?" तो म्हणाला.

'हो' म्हणाला नाही, 'नाही'ही म्हणाला नाही. परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकवून बसली. रडायला आलं नाही.

५ फेब्रुवारी, पुन्हा

बाबांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही.

पाहायला आले त्या दिवशीच मागितला होता. मी आत चहा ओतून राहिली होती तेव्हा. मग दहा दिवसांनी मी मोठ्या तोंडानं म्हटलं, मला कम्प्युटर पाहिजे, आणि बाबांना सुटल्यासारखं झालं. पोरगी खूश, जवाई खूश. "दोघांचं एकच निघालं, म्हटलं सांगाचंच कायले," म्हणाले.

"आणि मी रोज तुमच्यासमोर बसून पार्ट निवडत होती तेव्हा?"

"तू हसत होती बेटा. तुयं हसू मोडावं वाटलं नाही."

आईला माहीत होतं. मामांना, मोठे बाबांना माहीत होतं. म्हणून मॉनिटरवर नि कॅबिनेटवर त्याचं नाव! फक्त आत्याला कोणी सांगितलं नव्हतं, तिच्या पोटात काही राहत नाही म्हणून. आख्ख्या खानदानात दोघीच बावळट, आत्या नि मी.

संघदीपचा राग येतो, पण तो परका. दोन महिन्यांचा. बाबांचं काय करू? त्यांनी मला स्क्रू फिरवायला शिकवलं, मी सात वर्षांची असताना, मिलच्या मोटरवर. त्यांच्यासमोर मी बैलजोडी समजावून सांगत होती, आणि ते मान हलवत होते. सगळं माहीत असून मान हलवत होते.

मी सांगितलं, लग्न करणार नाही. बाबा म्हणाले, लोकं काय म्हणतील. मी म्हटलं, काही नाही म्हणणार, टाळ्या वाजवतील.

१२ फेब्रुवारी

आमगावला नकार कळवला. मलाच फोन करावा लागला, बाबांच्यानं झालं नाही. संघदीपच्या आईनं पोरगी शेफारली म्हटलं. म्हणो.

लग्न मोडलं की आंदण ज्याचं त्यानं न्यायचं, ही रीतच आहे. दुपारी मामा टेम्पो घेऊन आले. मोठे बाबाही. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. आई चहा करून राहिली होती, जणू काही झालंच नाही. बाबा अंगणात खाटेवर बसलेले.

मामांनी मॉनिटरचं खोकं उचललं. मला वाईट वाटू नये म्हणून की काय, दारात थांबून म्हणाले, "मन लहान नको करू पोरी. पट्टी तेवढी काढतो नि खोक्यात तसाच ठेवतो. पुढच्या पोराची मागणी आली का आणून देतो."

पुढच्या पोराची! माझं डोकं असं तडकलं की मी दार अडवून उभी राहिली.

"मामा, हा कोणाला दिला होता?"

"आंदणाचा हाये तो."

"आंदण पोरीचं असते का जवायाचं?"

मामा मोठे बाबांकडे पाहायला लागले. मोठे बाबा टेम्पोकडे. आत्या ओट्यावर बसली होती, ती तिथूनच ओरडली, "पोरीचंच असते! माया लग्नातला गुंड अजून माया घरी हाये, नवरा मेला तरी!"

"मग ठेवा खाली," मी म्हटलं. "लग्न मोडलं, पोरगी मोडली नाही. मी इथंच आहे, भाचीही तुमचीच आहे. कॅबिनेटही राहू द्या मोठे बाबा."

मामा बराच वेळ खोकं धरून उभे राहिले. मग ठेवलं. आपटून ठेवलं, शिव्या पुटपुटत टेम्पोत जाऊन बसले, पण ठेवलं. मोठे बाबा त्यांच्या मागं गेले. रीत मोडली म्हणून आता वर्षभर दोघंही माझ्याशी बोलणार नाहीत. बरं आहे.

संध्याकाळी बाबा दारात आले. खाली पसरलेल्या खोक्यांकडे पाहिलं, घसा खाकरला. म्हणाले, "बेटा, तो चार कोरवाला कोणता सांगत होती तू? उद्या घेऊन येतो."

मी त्यांच्यासमोर कॅबिनेटचं झाकण काढत होती. स्क्रू एकेक करून ताटलीत टाकले. बाबा उभे राहिले, मग गेले.

प्रोसेसर मी माझा आणीन. नाव त्यांना सांगणार नाही.